शेवटचं उदमांजर

उधना, सुरत
आषाढ सरत आला, १९९६

तीर्थरूप आबांना साष्टांग दंडवत, मोठ्या मायच्या पायांवर डोकं, सुकदेवभाऊला रामराम, आणि हे पत्र ज्यांच्या हातात आहे त्या वच्छलावहिनींना त्यांच्या एकुलत्या एक दिराचा, म्हणजे गुलाबचा, नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. आभाळ भरून आलं की आबांचा गुडघा अजून दुखतो का? मोठ्या मायचा खोकला बसला का, की अजून शेजारच्यांना पहाटे उठवायचं काम तोच करतो? काळ्या गाईला काय झालं ते कुणीच कळवलं नाही. कालवड झाली असेल तर तिचं नाव ठेवायला माझी वाट पाहू नका, पण पाहिली तर वाईट वाटणार नाही.

(वहिनी, घरात माझं पत्र तुम्हीच वाचून दाखवता. भाऊला माझं अक्षर लागत नाही आणि माझं पत्र आलं की आबांना चष्मा सापडत नाही. म्हणून एक रीत ठरवू. कंसाबाहेरचं मोठ्यानं वाचायचं, कंसातलं मनात. मनात वाचताना ओठ हलवू नका, आबांचं लक्ष असतं.)

माझी कंपनीतली नोकरी उत्तम चालली आहे. साड्यांचं खातं आहे, रंगीत काम आहे, शेठ माझ्यावर खूश आहे. (रंगीत आहे एवढंच खरं, आणि रंग एकच, लाल. वहिनी, मी मिरचीच्या गिरणीत आहे. दोंडाईच्यात आबांनी मला मिरच्या वाळवायच्या पथारीवर निवडायला बसवलं, तेव्हा मी सगळ्या मजुरांसमोर म्हणालो की मला जन्मभर तिखटात मरायचं नाही, आणि भुसावळहून आलेल्या सुरत पॅसेंजरमध्ये जाऊन बसलो. आधी खरोखरच साड्यांच्या कारखान्यात लागलो होतो. तिथून बर्फाच्या, तिथून पतंगाच्या मांज्याच्या, तिथून परत साड्यांच्या. माझं बूड कुठे टिकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. शेवटी जिथे टिकलं तिथे पहिल्याच दिवशी पोतं फोडलं आणि वास आला. वहिनी, तो वास कुठला आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. पोत्यावर दोंडाईच्याचा शिक्का होता. मी पळालो सुरतेला आणि मिरची माझ्या मागून मालगाडीनं आली.)

आता जे सांगतो ते सगळ्यांनी ऐकावं, कारण असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. इथे जब्बारभाई म्हणून आहेत, मूळचे धुळ्याचे, चौकात त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. टीव्हीला एक डबा जोडतात, डब्यात कॅसेट घालतात, आणि आपल्या हातात बटणांचा एक तुकडा देतात, त्याला इथे सगळे रिमोट म्हणतात. बटण दाबलं की टीव्हीतला माणूस उडी मारतो, दुसरं दाबलं की तलवार उपसतो. आबा, तुम्ही म्हणाल की टीव्हीतला माणूस याचं ऐकतो आणि हा कुणाचंच ऐकत नाही. तुमच्या मनातलं मी आधीच लिहून टाकलं, म्हणजे वहिनींना मध्ये थांबायला नको.

त्यातली एक कॅसेट जपानची आहे. तिच्यात एक सामुराय आहे, म्हणजे तिकडचा तलवारबहाद्दर. अंगात घोळदार कपडे, पायात गवताच्या वहाणा, आणि चालणं असं की आपण बसल्या जागी ताठ होतो. तो बांबूच्या बनातून जातो, बर्फातून जातो, देवळाच्या पायऱ्या चढतो, आणि जिकडेतिकडे त्याला मारायला माणसं टपलेली. सगळे तेवढंच खेळतात. कापत सुटायचं आणि पुढे जायचं. मीही तसाच सुटलो होतो. पण एकदा पुलावर माझी उडी चुकली, सामुराय खाली पडला, आणि पुलाखाली एक जनावर बसलेलं होतं. पोट सुटलेलं, डोळ्यांभोवती काळं, डोक्यावर एक पान. आपण त्याच्या जेवणाच्या वेळी घरात शिरलो असा त्याचा चेहरा. त्यानं सामुरायकडे पाहिलं, स्वतःच्या पोटावर दोन थापा मारल्या आणि दिसेनासं झालं. दुकानात सगळे उठून उभे राहिले. जब्बारभाई म्हणाले अस्वलाचं पिल्लू आहे, कुणी म्हणालं माजलेला कुत्रा आहे. मी म्हटलं उदमांजर आहे. आपल्या चिंचेवर होतं ना, तसं. ज्याच्या गावाला जे असतं तेच त्याला दिसतं, पण माझं म्हणणं टिकलं, कारण पाहिलं मी होतं.

मग कळलं की अशी उदमांजरं त्या खेळात जागोजागी दडवलेली आहेत. धबधब्यामागे एक, देवळाच्या घंटेच्या आत एक, भाताच्या पेंढ्यांत एक, त्याचं नुसतं शेपूट बाहेर. खेळ संपला की एक पाटी येते, तिच्यावर सापडलेल्यांची चित्रं. आणि हे कुणी सांगत नाही. कुठे बाण नाही, खूण नाही. नाही सापडलं तर सामुरायचं काही अडत नाही, तो लढाई जिंकतोच. मी रात्रंदिवस याच विचारात आहे की ज्यानं हे बनवलं तो कसला माणूस असेल. इतकं गोजिरवाणं जनावर केलं, त्याच्या डोक्यावर पान ठेवलं, ते पुलाखाली बसवलं आणि गप्प राहिला. हजारो लोक वरून गेले असतील, त्याला काही नाही. आपल्याकडे मारुतीला घंटा दिली तरी तिच्यावर आधी स्वतःचं नाव कोरतात, मग बापाचं.

आता ती मलाच का सापडायची? आबा, हे तुमच्यामुळे. पथारीवर फटकी मिरची निवडताना तुम्ही सांगायचात की लाल ढिगावरून नजर फिरवायची नाही, ढिगावर नजर ठेवून द्यायची, मग पांढरी पडलेली फटकी आपण होऊन डोळ्यात येते. मी तेच केलं. सगळे टीव्हीवर धावतात, मी नजर ठेवून द्यायचो. बर्फातला एक दगड जरा जास्तच गोल आहे, बांबूच्या बनात एका पानाला वारा लागत नाही. तिथे जाऊन पाहिलं की हा आपला पोट खाजवत बसलेला. जब्बारभाई मला उस्ताद म्हणायला लागले. फक्त एक काही केल्या सापडेना. पाटीवर एकच चौकोन काळा राहिला होता, आणि जब्बारभाईंना त्या चौकोनापायी जेवण गोड लागत नव्हतं.

(इथे एक भानगड झाली, ती मनात वाचा. एकदा मी गिरणीतून थेट दुकानात गेलो. हात धुतले होते, पण मिरचीचा हात धुऊन जात नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी खेळलो आणि उठलो. माझ्यानंतर रिमोट घेतला जब्बारभाईंच्या मेव्हण्यानं, जो आखाड्यात जातो आणि शर्टाची वरची बटणं लावत नाही. त्यानं घाम पुसला. मग त्यानं डोळा चोळला. मग रिमोट दुसऱ्यानं घेतला, दुसऱ्याकडून तिसऱ्यानं. थोड्या वेळात अख्खं दुकान रस्त्यावर, नळाखाली डोकी घालून रडतंय, आणि येणारेजाणारे डोक्यावरची टोपी नीट करून हळू आवाजात विचारतायत की कोण गेलं. पैलवान सगळ्यांत जास्त रडला. जब्बारभाईंनी माझा हात धरून हुंगला आणि म्हणाले, "गुलाब, तू आदमी है के मसाला?" त्या दिवसापासून मला दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून खेळावं लागतं. उस्ताद म्हणतात आणि पिशव्या बांधतात. पण वहिनी, शेवटचं उदमांजर सापडलं तेही याच तिखटामुळे. खेळात एक म्हातारीची झोपडी आहे. बाहेर पाऊस पडतोय, आत चूल पेटलेली, म्हातारी फुंकर घालतेय. तिथे मारायला कुणी नाही म्हणून सगळे तिच्या दारावरून पळत पुढे जातात. मीही कितीदा पळालो होतो. त्या दिवशी मी दारापर्यंत आलो, पिशवीत हाताला घाम सुटला, पिशवी निसटली, आणि मी सवयीनं डोळा चोळला. मग दुसरा चोळला. रिमोट खाली पडला. मी दोन्ही हात डोळ्यांवर धरून कण्हत बसलो, आणि सामुराय बिचारा दारात तसाच उभा. कुणीतरी पडलेला रिमोट उचलायला आलं तर जब्बारभाईंनी त्याला मागे ओढलं.

काय झालं होतं, तर बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही तेव्हा सामुरायनं आपण होऊन तलवार काढून उंबऱ्यावर ठेवली आणि आत जाऊन बसला. हे असं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण इतका वेळ कुणी थांबलंच नव्हतं. मी एक डोळा कसाबसा उघडला. पाण्यातून दिसत होतं, सगळं हलत होतं. म्हातारीनं वाढायला घेतलं. चुलीपाशी दोन वाडगे होते. वहिनी, ते दोन वाडगे पहिल्यापासून तिथे होते. मी नजर ठेवून देणारा माणूस, मी ते शंभरदा पाहिले होते, आणि दरवेळी म्हटलं की आहे आपलं चित्र. म्हातारीनं एक सामुरायला दिला. दुसरा भरला आणि तसाच ठेवला. आणि चुलीमागच्या अंधारातून ते उदमांजर निघालं, सगळ्यांत लहान, डोक्यावर पानसुद्धा नाही, आणि त्या वाडग्यापाशी येऊन बसलं. पोटावर थाप नाही, काही नाही. नुसतं जेवलं. जब्बारभाई टीव्हीसमोर मशिदीत उभं राहावं तसे उभे होते. पैलवानाचे डोळे पुन्हा ओले, आणि या वेळी रिमोटला त्याचा हातही लागला नव्हता.

वहिनी, माझ्या लक्षात आलं की कंस मिटायचा राहिला आहे. तो कुठे मिटायला हवा होता ते आता मलाही सांगता येणार नाही, तुम्ही अंदाजानं घ्या. इथेच मिटवतो.)

तर असा सुरतेचा एकंदर नवलाचा कारभार. बाकी इकडे पाऊस बेताचा आहे. आमच्या गिरणीशेजारी गव्हाची चक्की आहे. उधन्यात सगळी आपलीच माणसं, त्यामुळे श्रावणात कानबाईदेवीला जे रोट करतात त्यांचं दळण आत्तापासून ठरवायला बाया येतात, चक्की कधी धुणार, आधी नंबर कुणाचा. एक शिंदखेड्याकडची म्हातारी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गव्हाच्या मुठी मोजून सांगत होती, अमक्याची सव्वा मूठ, तमक्याची सव्वा मूठ, आणि मिलिटरीत असलेल्या पोराची सव्वा मूठ. मी सहज विचारलं, की जो रोट खायलाच नाही त्याची मूठ धरतात का. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी नापास झालो असं मला शाळेतल्यापेक्षा जास्त वाटलं. म्हणाली, "पोऱ्या गावले जायेल शे, घरमाईन थोडा गया?"

पत्र लांबलं. मोठ्यांना नमस्कार, सुकदेवभाऊच्या बाळाला पापा.

तुमचा,
गुलाब

ता. क. (मनात वाचा.) वहिनी, खरं काम आता सांगतो. मी निघालो तेव्हा आबा स्टेशनच्या फाटकापर्यंत आले होते आणि चार माणसांत म्हणाले होते, "आते रोटमा गुलाबनी मूठ धरानी नही." दोन श्रावण झाले. रोट भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत, त्यामुळे इथे दोन्ही वर्षं घरोघर पुरण शिजलं आणि मला बोलवायची कुणाची इच्छा असली तरी सोय नव्हती. मी गिरणीत बसून शेव खाल्ली. मोठी माय गहू घ्यायला बसते तेव्हा तुम्ही सूप धरून शेजारी असता. मला एवढंच कळवा, ती आबांची, भाऊची आणि बाळाची मूठ घेऊन उठते, की अजून एक घेते. तिला विचारू नका. नुसती नजर ठेवून द्या.

ता. क. आणखी एक. कंस नाहीत, मोठ्यानं वाचा. आबा, वहिनींना मनात वाचता येत नाही हे मला त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. त्यांना मंगलाष्टकांची पत्रिकासुद्धा आवाज काढूनच वाचावी लागते. त्यामुळे कंसातलं सगळं तुम्ही ऐकलं असणार, मिरचीची गिरणी धरून, आणि ऐकू येत नसल्यासारखं करून कुठेतरी छपराकडे पाहत असणार. पाहा. पण या खेपेचा माल चांगला होता. एका अख्ख्या पोत्यात मला एकही फटकी सापडली नाही. निवडणारा कोण ते मी ओळखलं.

ता. क. शेवटचं. मूठ मोठ्या मायच्याच हाताची घ्यायला सांगा. माझी आता पोती उचलून मोठी झाली आहे, गहू पुरायचे नाहीत. आणि यदाकदाचित रोटांच्या रविवारी मी दारात उभा राहिलो, तर वाढा, पण मला पिठाला हात लावू देऊ नका. कानबाईचा रोट तिखट व्हायला नको. ताक आणि बेसन लावून हात धुवायला मी आजपासूनच लागलो आहे.