यंदाची भाऊबीज

९ ऑक्टोबर २००६, सोमवार
टी.वाय.ले आज क्वेकर शिकवले. इंग्लंड-अमेरिकेतला जुना ख्रिस्ती पंथ. गप्प बसून प्रार्थना करणारे लोक, ना पाद्री ना घंटा. आधी त्यायच्याच घरी गुलाम होते. मंग काही जणं आपल्याच लोकायच्या घरोघरी जाऊन बसू लागले, 'सोडा' म्हणून. जे सोडत नव्हते त्यायले शेवटी समाजाबाहेर काढलं. पिढ्या गेल्या ह्याच्यात. कोणी गुलामाच्या हातची साखर बंद केली, कोणी कापूस. कापूस म्हटल्यावर वर्ग जागा झाला. मागच्या बाकावरची पोट्टी म्हणे, "मॅडम, मूठभर लोक. त्यायनं साखर नाही खाल्ली तं काय फरक पडला?" बाजाराले तं फार नाही पडला, म्हटलं. "मंग कायले?"
तेवढ्यात बेल झाली. वाचली मी.

१३ ऑक्टोबर, शुक्र.
गावी जाऊन आली. दादाचा कापूस फुटला, वेचाले बाया नाहीत, भाव पडलेला. तोंड पाहवत नाही त्याचं. वहिनीची कंबर धरली, सगळं घर कमला ओढून राह्यली. मारोती आपला सालदार, कमला त्याची बायको. सयपाक, शेण, पाणी. मारोतीले सालाचे पैसे भेटतात, कमलाले दमडी नाही. सालदाराची बायको 'त्यातच येते'. आजोबापासून असंच.
निघताना तिनं मले गोठ्यामागं गाठलं. "बाई, बाजूच्या वावरात वेचाले रोजी भेटून राह्यली. मले जाऊ द्या म्हना मालकाले. तुमचं ऐकतीन ते."
ऐकतीन! माह्या शब्दाले तिनं भलताच भाव दिला.

१५, रवि.
फोन केला. दादा म्हणे, "तिले बाहेर जाचं असन तं झोपडं खाली करा म्हना. जागा माही हाय." दादा, हे बरोबर नाही, म्हटलं. "तुह्यावालं कॉलेज कॉलेजात ठेव. इथं बोंडं सडून राह्यले!" आपटला फोन.
खोटं नाही बोलत तोही. वावर मी पाहून आली. पण झोपड्याचा धाक घालून माणूस धरून ठेवणं, ह्याले काय म्हणावं? गुलाम म्हणता येत नाही. मोकळीही नाही ती. तीनदा चहा केला, तिन्ही वेळा गार झाला.

१८, बुध.
सुट्ट्यांआधीचा शेवटचा दिवस. नसीम मॅडमचा रोजा, तरी बिचारीनं स्टाफरूममध्ये माही बडबड ऐकली. मी तिले एका क्वेकरचं सांगितलं. दुसऱ्याच्या घरी पाव्हणा गेला की निघताना, ज्या गुलामानं वाढलं त्याच्या हातावर पैसे ठेवे, आपल्याले फुकटची सेवा नको म्हणून. यजमानाचं तोंड काय होत असन!
नसीम म्हणे, "और तुमी? भाऊबीजेले जासान, कमलाच्या हातचं खासान, भावाची साडी घेऊन वापस येसान." हसून बोलली. मले झोंबलं.

२१, शनि. लक्ष्मीपूजन
घ्याची का नाही? नाही घेतली तं?
सासर सुटलं, आई-बाबा गेले. फारकत घेऊन आली तेव्हा सगळं गाव बोलत होतं, दादा एकटा माह्या बाजूनं उभा राह्यला. मले त्याच्याशिवाय आहे कोण? अन् त्याले सणाच्या दिवशी नाही म्हणू?
घरात येरझारा. खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, बाई, बरं नाही का म्हणून.

२४, मंगळ. भाऊबीज
ओवाळलं. दादानं ताटात साडी ठेवली. हिरवी, सुती, काठ माह्या आवडीचा. एवढ्या वेचणीतून वेळ काढून यवतमाळले गेलता माह्यासाठी. म्हटलं, दादा, ओवाळलं ते मनापासून. साडी नाही घेत. कमलाले वेचाले जाऊ दे, मंग दे.
वहिनी म्हणे, "अवो बाप्पा, सणाच्या दिशी!"
दादा पाटावरून उठला अन् कपाळावरचा टिळा पुसला. मी लावलेला. फार लागलं मले ते. मंग दारात जाऊन ओरडला, "मारोती! उद्या झोपडं खाली कर."
काय करून बसली मी!

२५, बुध.
दादा फोन उचलत नाही. नसीमकडून ईदचा शिरखुर्मा आला, तसाच झाकून ठेवला. साडी मी सोडली, छप्पर कमलाचं गेलं. त्या साखर सोडणाऱ्यांच्या नकारापायी कोणाकोणाचं काय गेलं असन? वर्गात तं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.
उद्या पयल्या बसनं जाते. पाय धरते दादाचे. साडी घेते. नेसून दाखवते पाह्यजे तं.

२६, गुरु.
कुलूप लावून राह्यलती तं जिन्यात मारोती अन् कमला. दोन बोचके, एक कोंबडी.
मारोती घुश्शात. "मालक दोन दिसात थंडे झाले असते. तुमीच मधात पडल्या, बाई." बरोबर बोलला. म्हटलं, चल, मी येते, दादाले हात जोडते, तुमचं झोपडं परत मागते.
"मी नाई येत," कमला म्हणाली. मारोतीकडं पाह्यलंही नाही तिनं. "इथं आर्णीत कापसाच्या जिनिंगात बाया घेतेत म्हनतात. मी पाहीन. तोवर राहू द्या."
आता हे दादाले कोणत्या तोंडानं सांगू? त्याची वेचणी अडली, अन् त्याचा सालदार माह्या घरी. त्याच्या दारात आता पाय ठेवता येईन का?
कुलूप काढलं. बसा म्हटलं. मारोती टेकला. कमलानं बोचकं ठेवलं अन् कोपऱ्यातला झाडू उचलला. अवो बस, कमला, म्हटलं. झाडू धरला तिच्या हातातला. तिनं सोडला नाही. "फुकट कशी राहू, बाई?" दोघी झाडू धरून उभ्या.
मारोती म्हणे, "अवो, चहा तरी ठेवा कोनी."
चहा मी ठेवला. तोवर तिनं दोन्ही खोल्या झाडून काढल्या.