ताईला भावंडं किती?

ती. दादास,

आणि 'होत्या' म्हणजे काय रे, होत्या? आत पलंगावर ताई सूप पितेय, मीठ कमी म्हणून माझ्यावर खेकसतेय, आणि बाहेरच्या खोलीत कचेरीतला तो चष्मेवाला कारकून टाईप करतोय, "राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी अत्यंत मनमिळाऊ होत्या." मी चौथी शिकलेली, पण होत्या आणि आहेत यातला फरक मला कळतो. कागद हिसकावलाच. म्हणतो कसा, "बाई, जीवन आणि कार्य असं आधी तयार ठेवावं लागतं, रीत आहे." मी म्हटलं, तुझ्या बायकोचं ठेवलंयस का तयार? 

नमस्कार राहिलाच. तो इथे घे, वहिनीलाही अर्धा दे. तुझे गुडघे कसे आहेत? (माझे विचारू नकोस, इथे जिनेच जिने.) दोन महिने झाले, मी ताईचं करायला इथे येऊन राहिलेय. तू विचारणार नाहीस म्हणून आपणहून सांगते. हे घर नव्हे, नुसती दारं आहेत. गरम पाणी हवं तर तिघांना सांगायचं, आणि तिघांच्या हातून येईपर्यंत ते गार. परवा मी ताईचं भांडं (कसलं ते ओळख) घेऊन मोरीकडे निघाले, तर दारावरच्या शिपायाने मला खाडकन सलाम ठोकला. दोन्ही हात भरलेले, मी काय करणार? मान हलवली. थोडं सांडलं. भावोजी देशाचे अध्यक्ष असतील, पण तिच्या खोलीत बूट बाहेर काढून चोरासारखे येतात आणि पाय चेपत बसतात. बाहेर फोन वाजत राहतो, उठत नाहीत. तेव्हाच मला डॉक्टरांनी न सांगता काय ते कळलं.

तर तो कागद. ताई म्हणाली, वाचून दाखव. मी अक्षर लावत लावत वाचला. "लहानपणापासून साधेपणाची आवड." ती म्हणाली, "आवड कसली, दुसरा फ्रॉक कुठे होता?" "आवाज मृदू." (आपल्या ताईचा! तिसऱ्या गल्लीतून तिची हाक आली की तू हातातल्या गोट्या टाकून पळायचास.) हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, ती काही थांबेना. पुढे "तीनशे बारा समारंभांना उपस्थिती" आहे, पण नळाची गोष्ट नाही. बाळंतिणींच्या नव्या वॉर्डाची फीत कापायला गेली होती ना, तर कात्री हातात तशीच ठेवून फितीखालून वाकून आत शिरली आणि नळ सोडून बघितला. नुसतीच हवा. बाहेर येऊन म्हणाली, पाणी येईल तेव्हा कापीन. चाळीस मिनिटं मंत्री, बँडवाले, सगळे उन्हात. प्लंबर आला, पाणी आलं, मग फीत. एवढं खरं काम, आणि तेच कागदावर नाही, कारण मंत्र्यांना वाईट वाटेल.

मग आलं, "त्यांना एक बहीण." मी थांबले. ताई खिडकीकडे बघत म्हणाली, "पुढे वाच." चष्मेवाल्याने विचारलं तेव्हा तिनेच तसं सांगितलं होतं. तूच तिला म्हणाला होतास ना, "आई जात होती आणि तू फिती कापत होतीस, आजपासून तुला भाऊ नाही"? सात वर्षं झाली. मीही तुझ्याच बाजूची होते, खोटं कशाला बोलू.

पण कागदामागे समारंभांची यादी जोडलीय, तारखांसकट. मी आई गेली ती तारीख शोधली. सकाळी अकरा, पुलाचं उद्घाटन. चष्मेवाल्याला कोपऱ्यात गाठलं. तो बराच वेळ चष्माच पुसत राहिला. मग म्हणाला, "आई अत्यवस्थ असल्याचा निरोप दहालाच आला होता, बाई. माझ्याच खिशात होता. समारंभ उरकेपर्यंत देऊ नका, असं वरून सांगितलं होतं." दिला तेव्हा दोन वाजून गेले होते. दादा, आई गेली साडेबाराला. पुलापासून आपलं घर गाडीने एका तासावर.

ताईला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, "त्या गरिबाची नोकरी गेली असती. आणि दादाने कारण विचारलं कुठे?"

मी काही तुला ये म्हणत नाही. तू मोठा, तुझा तू शहाणा.

तुझी धाकटी

ता. क. हे पत्र ताईला न कळता लिहितेय.

आणखी ता. क. कळलं. "कोणाला लिहितेस?" मी म्हटलं, इस्त्रीवाल्याला, चादरी फार कडक करतो म्हणून. चादरीची कड चिमटीत धरून चुरगाळून बघितली. मग म्हणाली, "लिही त्याला, दुपारी मला झोप लागते, सकाळी ये म्हणावं. आणि सदरा धुतलेला घाल, गबाळ्याला पहारेकरी आत सोडत नाहीत."

शेवटचं ता. क. कागद शुक्रवारी पक्का होऊन वर जातोय. चष्मेवाल्याने 'एक बहीण'च्या पुढे जागा कोरी सोडलीय. 'व एक भाऊ' बरोबर बसतं, मी मोजून बघितलं. डॉक्टर शुक्रवारच्या पुढचं काही बोलत नाहीत. लिहू की नको, ते मला गुरुवारी सकाळपर्यंत सांग, आणि चिठ्ठी धाडू नकोस, तोंडाने सांग.