बाबूची पाकोळी

सोम. ३ नोव्हें.
ऋतूने कॉलेजातनं मायक्रोस्कोप आणलाय, आठवडाभरासाठी. माझ्या शिलाई मशीनवर मांडलाय. पंखा बंद, जोरात चालायचं नाही. बाहेर ट्रक गेला तरी ऋतू फोटो काढायची थांबते, हललं की बिघडतो म्हणे. मुलुंडच्या या दीड खोलीत हलायला जागा ती किती! पण नात हसतेय. बाबू, माझा लेक, गेल्यापासून अशी बघितली नव्हती.

मंगळ. ४
आज मला दाखवलं. बाबूच्या तेराव्याला त्याच्या फोटोच्या हारावर येऊन बसली होती तीच पाकोळी, रात्री दिव्यावर येतं तसलं फुलपाखरू. आमच्यात अशीला हाकलत नाहीत, माणूस भेटायला येतो म्हणतात. दुसऱ्या दिवशी आपली आपण मेली. ऋतूने डबीत जपली, वर्ष झालं. मी मातकट समजत होते. भिंगातनं बघते तर कौलं रचल्यासारख्या ओळी, तांबूस, सोनेरी, मधेच निळी चमक! ओरडलेच, "अगो बाय, हा तर माझा लग्नातला शालू!"
"आजी, टेबल हलवलंस! आता परत पहिल्यापासून." पण हसली.

बुध. ५
डावा पंख झाला. तुकड्या-तुकड्याने तीनशे फोटो, मग जोडून एक. उजवा उद्या. मोठा करून बाबूच्या फोटोशेजारी लावायचा. या नादात भाजीत मीठ दोनदा पडलं, तशीच खाल्ली सगळ्यांनी.

गुरु. ६
काय करून बसले मी.
ऋतू आंघोळीला गेलेली. डबी उघडी. उजव्या पंखावर धूळ दिसली. बाबूचा फोटो रोज पुसते त्याच मऊ फडक्याने, हळूच... म्हटलं फोटोत स्वच्छ येऊ दे. फडक्यावर सोनं उतरलं. पंख आरपार, कांद्याच्या सालीसारखा.
"ती धूळ नव्हती गं आजी. तोच रंग होता."
एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनि. ८
जेवते, कामापुरतं बोलते. सून म्हणाली, "आई, निवळेल ती." तिचेच डोळे लाल. फडकं धुवायला हात होत नाही. टाकू तरी कुठे?

रवि. ९
उद्या मायक्रोस्कोप परत द्यायचाय. दुपारी ऋतूने त्याचा दिवा लावला, डबी पुढ्यात घेऊन नुसती बसली. मी दारातनं म्हटलं, "पंख आहे तसाच फोटो काढ ना गं."
"आणि रोज बघून काय आठवायचं, आजी?"
आत येऊन हे लिहितेय. चार वाजले. दिवा चालूच आहे. फोटोच्या बटणाचा आवाज अजून नाही. कान तिकडेच...