चौथं लॉक माझ्याकडून राहिलं

मी, खाली सही करणारी (सही, अंगठा नाही, चौथी पास आहे), वय बावन्न, विधवा, काम बंदरातल्या रेल्वे यार्डात लॉक उघडणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता लिहिते. मला दाबणारा अजून जन्मायचाय. कलमं कशी पाडायची ते अर्ज लिहिणाऱ्या भाऊंनी सांगितलं, अक्षर माझं. बुधवारी पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. नाही झालं तर उत्तम. झालं तर भांडायला मी नसेन, म्हणून आधीच लिहून ठेवते.

१. राहती खोली मुलीला, एकटीला. जावयाने सुखाने राहावं, पण खिडकी बुजवून कपाट करायचा त्याचा बेत माझ्या मागेही चालणार नाही. त्या खिडकीतून जहाजं दिसतात.

२. बँकेत असेल ते अर्धं मुलीला, अर्धं धाकट्या जावेला. "मला कशाला?" असं ती विचारेल. सांगा, मी यार्डात पाळीवर असताना पोरीला तूच जेवू घातलंस. तोंडावर चांगलं बोलायची मला सवय नाही.

३. शिलाई मशीन नणंदेला. वीस वर्षांपूर्वी मागितली तेव्हा मी म्हटलं होतं, हात लावू नकोस. आता लाव. सुई मोडकी आहे.

४. लोखंडी दांडा माझ्या जागी जी येईल तिला. लोक विचारतात, तुझ्या कामात एवढं काय? तर ऐका. हजार किलोमीटर लांबच्या कारखान्यात कंटेनरात माल भरतात, दाराला सील ठोकतात. तो मालगाडीच्या वाघिणीवर, म्हणजे सपाट उघड्या डब्यावर, बसून धक्क्यापर्यंत येतो, क्रेन त्याला उचलते आणि थेट जहाजावर ठेवते. परदेशात पोचेपर्यंत दार कुणी उघडत नाही. माझे वडील इथेच हमाल होते. पोती वाहून पन्नाशीत कमरेतून वाकले ते वाकलेच. पहिला कंटेनर उचललेला पाहिला तेव्हा मी तोंड वासून उभी होते. अजून उभी राहते, तोंड मिटून. पण वाघिणीवर तो चार कोपऱ्यांना लॉक केलेला असतो. चारही लॉकं उघडायची, दांड्याने ठोकायची. उघडं लॉक खळखळतं, बंद लॉक मुकं राहतं. मगच हात वर करायचा. त्या हातावर क्रेन चालते.

५. हे मालमत्तेचं कलम नाही. भाऊ म्हणाले, मृत्युपत्रात बसत नाही. म्हटलं, बसवते.

नऊ वर्षांपूर्वी जहाज भरतीला सुटायचं होतं आणि एकच वाघीण उरली होती. मी तीन लॉकं उघडली आणि "चला, आटपा!" म्हणत हात वर केला. चौथं ठोकलंच नाही. कंटेनरबरोबर वाघीणही उचलली गेली. खाली दोन माणसं उभी होती. क्रेनवर बगळा होता. मान लांब, म्हणून सगळे बगळा म्हणतात. वीतभर वर जाताच त्याच्या हाताला वजन कळलं. दुसरा दचकला असता. याने इतक्या सावकाश खाली आणलं की चाकं होती तशी रुळावर बसली. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

साहेबांनी विचारलं, "इशारा कुणी दिला?"

"कुणीच नाही. मीच घाई केली," बगळा म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "हा शहाणपणा कुणी सांगितला होता?"

"ताई, माझी नोकरी पक्की आहे. तुमची पक्की व्हायला महिना राहिलाय. पोर शाळेत आहे. जा, नाक पुसा."

त्याची नोकरी राहिली, जहाजाची क्रेन गेली. तो हात आज मागच्या यार्डात रिकामे कंटेनर एकावर एक रचतो. आणि मी? मला लाज वाटली की माझी जीभ तिखट होते. नऊ वर्षं त्याच्यावर खेकसते आहे. तो हसतो. दोन वर्षांनी निवृत्त होईल.

म्हणून लिहून देते: चौथं लॉक माझ्याकडून राहिलं. बगळ्याचा दोष नाही. निवृत्त होण्याआधी त्याला जहाजाची क्रेन परत मिळावी. याची एक प्रत साहेबांना द्यायची, तीही मी जिवंत असताना. मेल्यावर कबूल करायला काय जातं? नोकरी गेली तर गेली, मुलगी कमावती आहे.

६. बगळ्याला माझ्याकडून काहीही नाही. भाऊ म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. मला साक्षीदार तोच हवा. सही करायची तर वाचावं लागेल. तोंडी सांगायला गेले की विषय बदलतो.

ठिकाण: यार्डाचं कँटीन, दारालगतचं टेबल
वार: सोमवार, दुपारची सुट्टी
सही: लॉकवाली

साक्षीदार एक, कँटीनवाली मावशी: माझ्यासमोर सही केली. चहा तसाच ठेवला.

साक्षीदार दोन, क्रेनचालक: माझ्यासमोर, शुद्धीत सही केली. कलम पाच सोडून बाकी सगळं खरं आहे.

शेरा: साक्षीदार दोन खोटं बोलतो. हे माहीत होतं, म्हणून त्याला वाचायला द्यायच्या आधीच प्रत साहेबांच्या हातात देऊन आले. — लॉकवाली