हेलिकॉप्टर पाण्यात, चहा माझ्या गॅसवर

१० नोव्हें. ९८, मंगळ.
हे अचानक घरी आले. ओट्यावर बसले अन् आत्याबाईंना म्हणले, "आई, आमचं हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं." बाजारातून कोथिंबीर आणली म्हणावं तसं! समुद्रातल्या तेलविहिरीवरून किनाऱ्याकडं निघाले, वरच्या पंख्याच्या गिअरमध्ये काहीतरी तुटलं, पायलटनं पाण्यावरच टेकवलं. खालचे फुगे फुगले म्हणून तरंगलं. मंग रबरी नावेत बसले, जहाजानं उचललं. सगळे वाचले. माझ्या हातातलं पातेलं पडलं, तर म्हणतात, "दूध सांडलं की!" दुधाचं पडलंय ह्यांना.
कंपनी म्हणते आराम करा, २४ ला परत वेल्डिंगला या. परत तसल्याच हेलिकॉप्टरनं.

११ नोव्हें.
सकाळपासून माणसं. चहा, चहा, चहा. आधी भावकी, मंग गल्ली, मंग ज्यांचं आमच्याशी बोलणं न्हाई ते बी. दर खेपेला लाटा वाढून राह्यल्या. सकाळी कमरेएवढ्या होत्या, संध्याकाळी लिंबाच्या झाडाएवढ्या. मी एकट्यात विचारलं तर, "सांगितलं ना सगळं." कोणाला सांगितलं? साखर संपली.

१३ नोव्हें.
आत्याबाईंचा नवस निघाला. लेक वाचला तर राजूरच्या गणपतीला अनवाणी पायी आणीन. बोलल्या कधी? परवा, लेक ओट्यावर चहा पिऊन राह्यल्ता तव्हा! मी म्हणलं, आत्याबाई, ते तर वाचूनच आल्ते. "तुला काय कळतं?" बरं बाई.

१५ नोव्हें., रवि.
राजूरहून आलो. नवस आत्याबाईंचा, अनवाणी आम्ही दोघं, त्या जीपनं. तळपाय सोलले. आता ज्याचं त्याचं एकच, नवस फिटला, बिनधास्त जा. जसं काही गणपतीनं गिअरची गॅरंटी दिली.
रहीमचाचा भेटले, ट्रॉल्या अन् गेट बनवतात ते. "बेटा, मेरे हाथ काँपते अब. दुकान तू सांभाळ. कमाई कम, मगर जमीन पे." हे हसले. "बघतो चाचा." पुढं आल्यावर मला, "मी आता ट्रॉल्या जोडू का?"

१८ नोव्हें.
हे मळ्यातल्या विहिरीवर पोहायला गेल्ते. पोरपणी काठावरून उड्या मारायचे, आमच्या टेंभुर्णीत नाव होतं. आज पायऱ्या उतरले, घोट्याएवढ्या पाण्यात थांबले. थांबलेच. मी भाजी खुडत होते, वरून दिसलं, हात भिंतीवरून सुटंना. म्हणे, "पाणी लई गार." भर दुपारी!
"भेव वाटतं का?" विचारलं मी.
"भेव? मला?"
मंग बादलीनं अंघोळ. दिवसभर तोंड फुगलेलं.

२० नोव्हें.
भाकरी थापत होते. जवळ येऊन बसले. "तू मला जाऊ नका असं का म्हणत न्हाईस?"
मी म्हणलं, तुम्हाला जायचं न्हाई का?
"मला काय झालंय? मी तर जाईन. पण तू अडून बसलीस, रडलीस, तर माणूस काय करणार?"
अस्सं! भेव ह्यांचं अन् नाव माझं. गावभर होणार, बायकोनं सोन्यासारखी नोकरी घालवली. आत्याबाई जन्मभर ऐकवतील ते येगळंच. म्हणलं, तुमच्या तोंडानं सांगा आईला. "आईला कसं सांगू?" लाटा बराबर सांगता येतात ह्यांना.
भाकरी करपली. अन् मेलं रडू बी आलं. परत पाण्यावरून उडाले अन् काही झालं तर मी काय करू...

२३ नोव्हें., सोम.
सकाळी बॅग भरून दारात. भावकी निरोपाला आल्ती. परत चहा. आत्याबाईंनी हातावर दही ठेवलं. ह्यांचं तोंड पांढरंफटक, नुसते माझ्याकडं पाहून राह्यले. असा राग आला! सगळ्यांसमोर म्हणलं, "मी जाऊ देणार न्हाई. बिलकुल न्हाई. काय बोलायचं ते मला बोला."
आत्याबाई म्हणल्या, "लाज वाटती का?"
हे मोठ्यानं हसले. "बायकांचं ऐकत बसलं तर झालंच कल्याण!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पण बॅगेला हात लावला न्हाई. जालन्याची गाडी आली, हॉर्न वाजवला, गेली. "दुपारच्यानं जातो," म्हणले, अन् दही चाटून टाकलं.
दुपारची बी गेली. आत्याबाई माझ्याशी बोलत न्हाईत. हे चाचांच्या दुकानाकडं गेलेत, "सहज". बॅग दारातच पडली आहे, येणारा-जाणारा ठेचकाळून राह्यला. मी उचलणार न्हाई.