डाव्या हाताचा बेस

मी, भिकन सुकलाल बोरसे, वय वर्षे अठ्ठावन्न, मूळ राहणार तालुका पारोळा, जिल्हा जळगाव, हल्ली मुक्काम पर्वत पाटियाजवळ, सुरत, धंदा पूर्वी कडोदऱ्याच्या कारखान्यात लूम मास्टर, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून आणि घरातल्या कोणाचेही न ऐकता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची झडप तेवढी शाबूत नाही आणि तिचे ऑपरेशन येत्या आठवड्यात ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघितले, म्हणून हे लिहून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. साध्या कागदावर चालते असे वकिलांनी सांगितले, तेव्हा स्टँपचा खर्च केलेला नाही.

कलम पहिले. पर्वत पाटियाची राहती खोली माझ्या कमाईची आहे. माझ्यामागे माझी पत्नी सौ. सरलाबाई हयात असेपर्यंत खोली तिची. तिच्यानंतर मुलगा ललित आणि कामरेजला दिलेली मुलगी रंजना यांची समान. रंजनाला 'तुझे लग्नात झाले' असे कोणी ऐकवू नये.

कलम दुसरे. पोस्टात आणि बँकेत जे काही असेल ते सरलाबाईचे. ते तिने कसे खर्च केले हे तिला कोणी विचारू नये. मी खूप विचारले, तेवढे पुरे.

कलम तिसरे. माझे पाने, कानशी, पक्कड आणि लूमच्या कामाची लोखंडी पेटी शेजारी दत्तू यास द्यावी. दत्तूला खरे तर या मृत्युपत्रावर साक्षीदार व्हायचे होते, त्यासाठी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पण वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदाराची सही केली तर त्याचा वाटा बुडतो. दत्तूने पेटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पेटी पसंत केली. मी असतो तर मीही तेच केले असते. कायद्याची ही गोष्ट मात्र वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

पेटीतली सगळ्यात लहान, सहा कोनांची चावी दत्तूने घेऊ नये. ती बेस गिटारच्या मानेची आहे. दत्तू ती सायकलला लावील आणि गोल करून टाकील.

कलम चौथे. आता बेस गिटार. हे सगळे मी मुख्यतः त्याच्यासाठीच लिहायला बसलो आहे.

हा बेस मी स्टेशनजवळच्या जुन्या वाद्यांच्या दुकानातून घेतला. तेव्हा सुकदेव आणि मी मिळून लग्नाची ऑर्केस्ट्रा पार्टी काढली होती. सुकदेव माझ्या गावचा, माझ्यासोबतच सुरतेला आलेला, पार्टीचा मालक आणि कीबोर्डवाला. दुकानात दोन बेस होते. एक लाल, चकचकीत, आरशासारखा. दुसरा तपकिरी, कोपरे झिजलेला, कलकत्त्याकडे कुठेतरी बनलेला, नाव पुसलेला. सुकदेव लालवर भाळला. स्टेजवर उठून दिसेल म्हणाला. मी दोन्ही बेस डोळ्याशी धरून मानेच्या कडेने पाहिले, आम्ही लूमचा रूळ वाकडा आहे का पाहतो तसे. लालची मान पिळलेली होती. तपकिरीची सरळ होती. मग मशीनला न जोडता एकेक तार एकेका फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीवर, दाबून वाजवली आणि अंग पोटाशी धरले. तपकिरी पोटात वाजत होता. मी तपकिरी घेतला, स्वतःच्या पगारातून घेतला, आणि सुकदेव स्टेशनपासून घरापर्यंत दहा पावले पुढे चालला.

पुढे कधी दुसरा घ्यायची वेळ आलीच तर असाच घ्यावा. रंग बघू नये. खुंट्या फिरवून तार घसरते का बघावी, मानेतली सळई फिरते का बघावी. तारांचा आवाज पकडणारा पिकअप, बटणे, वायर हे सगळे मागाहून स्वस्तात बदलता येते. पिळलेले लाकूड आपल्याला सरळ करता येत नाही.

त्यावर मी सहा वर्षे वाजवले. मग १९९१ साली कारखान्यात माझा डावा हात गिअरमध्ये गेला आणि मधल्या दोन बोटांची टोके राहिली नाहीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बेस वाजवताना डाव्या हाताने तारा दाबायच्या असतात. माझे दाबणे संपले. हाताला पट्टी होती, सरलाबाई मला घास भरवत होती, तेव्हा सुकदेव भेटायला आला. मी त्याला म्हणालो, थोडे थांब, मी काहीतरी करतो. तो म्हणाला, "कसाले जीव जाळस? बेस मी कीबोर्डवर डावा हातघाई वाजाडी लेसू. आनि खरं सांगू का भिकन, बेस कोनले ऐकू येस?"

तो हे वाईट बुद्धीने बोलला नसेल. पण मला लागले. बोटांपेक्षा जास्त लागले, हे आज लिहून टाकतो. सहा वर्षे मी त्याच्या शेजारी उभा राहून वाजवत होतो. पब्लिकला ऐकू न येणे मी समजू शकतो. मी घरी आलो आणि ठरवले की बेस उलटा करायचा. तारा उजव्या हाताने दाबीन, डाव्याच्या उरलेल्या बोटांनी छेडीन.

उलटा करणे म्हणजे नुसते फिरवून धरणे नव्हे. जाड तार पुन्हा वर यायला हवी, म्हणून चारही तारांचा क्रम बदलावा लागतो. क्रम बदलला की मानेच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचा चुकतात, जाड तार बारीक खाचेत बसत नाही. नवी पट्टी मी ललितच्या कॅरमच्या स्ट्रायकरमधून कापली. तो त्याचा जिंकणारा स्ट्रायकर होता, हे मला कापून झाल्यावर कळले. गळ्यातल्या पट्ट्याचा खिळा बेसच्या अंगाच्या दुसऱ्या शिंगावर नेला. आवाजाचे बटण आता कोपराखाली येऊ लागले आणि गाणे अर्ध्यात आले की आपोआप बारीक व्हायचे, म्हणून त्याची टोपी काढून नुसती दांडी ठेवली. आमच्या भागात चोहीकडे लूमच्या मोटारी, त्यामुळे स्पीकर सारखा गुरगुरायचा. पिकअपचा खड्डा मी चहाच्या खोक्यातल्या चांदीच्या कागदाने आतून मढवला आणि तो कागद तारेने जमिनीला, म्हणजे तारा अडकवतात त्या पुलाच्या लोखंडाला, जोडला. गुरगुर थांबली.

बेस छान झाला. मी झालो नाही. उजव्या हाताला दाबायचे वळण लागेना. मी पुष्कळ प्रयत्न केला, पण गाणे पुढे जायचे आणि मी मागून चालत यायचो. सुकदेवच्या दारात मी पुन्हा गेलो नाही. बेस कोपऱ्यात उभा राहिला. घरी आलेला प्रत्येक जण तो उचलायचा आणि उलटा धरायचा.

मग ललितचे लग्न झाले आणि अश्विनी सून म्हणून घरी आली. ती डावखुरी आहे. पहिल्याच पंगतीत तिने डाव्या हाताने भात वाढला तेव्हा सरलाबाई तिच्या कानाशी म्हणाली, "उजवा हातघाई वाढ व माय, लोके देखी ऱ्हायनात." पोरीने हात बदलला आणि अर्धा भात ताटाबाहेर गेला. त्यानंतर ती या घरात प्रत्येक काम करण्याआधी क्षणभर थांबायची. कोणता हात पुढे करायचा, हे ठरवायची. मला ते बघवत नव्हते.

एका दुपारी ती कोपऱ्यातली धूळ पुसत होती. बेस उचलून तिने पुसला आणि सहज मांडीवर घेतला. सरळ घेतला. या घरात तो बेस सरळ धरणारी ती पहिली. क्षणभरही थांबली नाही. मी खाटेवर होतो. ती दचकली आणि म्हणाली, "नाना, हाई उलटं शे का मीच उलटी शे?"

मी म्हणालो, "दोन्ही सरळ शेतस. वाजाड."

तेव्हापासून मी शिकवले आणि ती शिकली. मला जे दाखवता येत नव्हते ते मी तोंडाने म्हणून दाखवायचो. आज ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते. माझी बोटे शाबूत होती तेव्हाच्या माझ्यापेक्षाही, हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

म्हणून हा बेस, पट्टा, चावी आणि सुट्या तारांसह, मी माझी सून सौ. अश्विनी ललित बोरसे हिला देतो. तिच्या एकटीच्या मालकीचा. ललित, तू म्हणालास, "पप्पा, हे ऊंधूं गिटार कोण घेणार? तारा सीध्या करून विकून टाकू." बेटा, तो आता सीधाच आहे. त्याला फिरवू नकोस. माझ्या फोटोशेजारी ठेवून त्याला हारही घालू नये, फुलांचे पाणी पिकअपमध्ये जाते.

कलम पाचवे. बेस कसा राखावा. अश्विनी, हे तुला तोंडपाठ आहे, पण ऑपरेशननंतर तू मला विचारू शकशील की नाही कोणास ठाऊक, म्हणून लिहितो. पावसाळ्यात मान वाकते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधे बघायचे. पोस्टकार्ड जेमतेम सरकावे. जास्त फट असेल तर चावी पाव फेरा घट्ट करायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. घाई केलीस तर सळई तुटेल. मग पुलाकडे तार खाली घ्यायची, खरखर सुरू झाली की जरा वर. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथेच नुसता स्पर्श करून काढलेला सूर एक आहे का ऐकायचे. दाबलेला चढा असेल तर पुलावरची त्या तारेची घोडी मागे, उतरलेला असेल तर पुढे. तारा मंद झाल्या की नव्या आणायच्या आधी उकळून बघायच्या, महिनाभर नव्यासारख्या बोलतात.

उकळायचे पातेलेही अश्विनीला द्यावे. सरलाबाईने एकदा त्यात शेवया समजून झाकण उघडले होते. तिने त्या दिवशी जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. तिला दुसरे पातेले घेऊन द्यावे.

कलम सहावे. अँप्लिफायर आणि स्पीकरची पेटी मी ललितला देतो. बेस एकाचा आणि अँप्लिफायर दुसऱ्याचा, एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. हे मी मुद्दाम केले आहे. कार्यक्रम असेल तिथे ललितने पेटी स्कूटरवर घालून न्यावी आणि कार्यक्रम संपेपर्यंत थांबावे. त्याला नवा स्ट्रायकरही घेऊन द्यावा. तो आता स्वतः बाप होणार आहे, तरी अजून आठवण काढतो.

कलम सातवे. सुकदेवविषयी.

यंदाच्या श्रावणात आमच्या सोसायटीत खानदेशाची देवी कानबाई बसवली. बायका गाणी म्हणत होत्या आणि सुकदेवला कीबोर्डसाठी बोलावले होते. अश्विनीने बेस घेतला. बायकांत कुजबुज झाली. सरलाबाईने मान खाली घातली, पण अश्विनीला उठवले नाही, याबद्दल मी सरलाबाईचा ऋणी आहे. सुकदेव दोन्ही हातांनी वाजवत होता. अश्विनी त्याच्या मागून आली आणि गाण्याच्या खाली जाऊन बसली. टाळ्या एकदम जागेवर पडू लागल्या. मी सुकदेवकडे पाहत होतो. थोड्या वेळाने त्याने कीबोर्डवरचा डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. गाणे संपेपर्यंत तो हात तिथेच होता.

गाणी संपल्यावर तो उठला. प्रसादाचा रोट घेऊन गेला. चार दिवसांनी त्याचा निरोप आला की बेस पार्टीसाठी घेतला होता, तेव्हा तो पार्टीचा आहे, परत करावा, वाजवायला एक मुलगा बघितला आहे. मला राग आला. मग हसू आले. एवढ्या वर्षांनी त्याला बेस हवासा वाटला होता.

मी गेल्यावर तो सुनेच्या दारात येऊन हक्क सांगेल आणि ललित भिडेखातर देऊन टाकील, एवढीच मला धास्ती आहे. खोलीची नाही, पैशांची नाही. पोरीच्या हातून तो बेस गेला तर ती पुन्हा भात वाढताना थांबू लागेल.

म्हणून मी सुकदेवलाच साक्षीदार म्हणून बोलावले आहे. दत्तूच्या वेळी सांगितले तेच, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे वकील म्हणतात. सुकदेवने वाचावा. सही केली म्हणजे बेसवर त्याचा आणि पार्टीचा काही हक्क नाही हे कबूल केले, असे मी समजेन. करायची नसेल तर कागद तसाच ठेवून जावे, मी दुसरा माणूस शोधीन आणि आपले जसे आहे तसे राहील. पार्टीत बेस हवा असेल तर अश्विनीला बोलवावे, आणि माइकवरून तिचे नाव घ्यावे. माझे कधी घेतले नाहीस.

याखेरीज कोणाविषयी माझ्या मनात काही नाही. वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, बरोबर आहे.

ठिकाण: सुरत
दिनांक: १७ नोव्हेंबर १९९७

मृत्युपत्र करणार
(सही) भिकन सुकलाल बोरसे

साक्षीदार पहिले
(सही) दीपक महाजन, सोसायटीचे सेक्रेटरी. भिकननाना यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे
(सही) सुकदेव धुडकू सोनवणे. भिकनने माझ्यासमोर सही केली. मी सगळे वाचले, मग सही केली. बेस भिकनचा आणि त्याच्यामागे सुनेचा. पार्टीचा हक्क नाही. वाजवायला बघितलेल्या मुलाला नको म्हणून कळवतो.
भिकन, बेस कोनले ऐकू येस, हाई मीच बोलनू व्हतू. माले ऐकू येत व्हतं. पहिलेपासून.