अव्वाच्या ताटासमोर

पुणे, ऑगस्ट १९५४

तीर्थरूप आप्पा, चनबसूचे पाया पडून शरणार्थ.

मी खुशाल आहे. मेसची भाकरी पातळ असते, पण पोट भरतं. म्हस व्याली काय?

अव्वाच्या जबड्याखाली गाठ आल्याचं तुमचं कार्ड मिळालं. चुना-गुळाचा लेप आधी बंद करा. कातडी भाजेल, दुसरं काही होणार नाही.

आज कॉलेजात सूक्ष्मदर्शकातून लाळेची नळी पाहिली. जबड्याखालच्या ग्रंथीतून निघून ती जिभेखाली उघडते. आतून उभ्या विटा लावाव्यात तशी उंच पेशींची रांग असते. या बारीक वाटेत खडा अडकला की जेवताना लाळ तुंबते, गाठ फुगते आणि मग उतरते. तसं असेल तर भिऊ नका. खडा काढता येतो.

पण गाठ जेवतानाही फुगत नसेल, आहे तशीच टणक राहत असेल, तर सकाळच्या गाडीनं तिला मिरजेच्या डॉक्टरांकडे न्या. माझ्या पत्राची वाट बघू नका.

तिला विचारू नका. ती "काय न्हाय, बरी हाय की" म्हणणार. लिंबाची फोड चोखायला द्या, आंबटानं लाळ सुटते, आणि गाठ फुगते का ते स्वतः बघा.

जेवताना तिचा गाल कसा दिसतो, ते मी आठवत बसलो. आठवेना. आपण सगळे उठल्यावर ती चुलीकडे तोंड करून जेवते. आप्पा, माझ्या आईला घास घेताना मी कधी पाहिलेलंच नाही. तुम्ही पाहिलंय?

हे पत्र पोचेल त्या रात्री, तिचं जेवण होईपर्यंत पाटावरून उठू नका.

तुमचा,
चनबसू